भाता नसलेली पेटी

पेटी वाजवणाऱ्याला मिडी कीबोर्डसमोर, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या, स्वतःचा आवाज नसलेल्या पट्ट्यांसमोर बसवा आणि त्याचा डावा हात बघा. उजवा लगेच पट्ट्यांवर जातो. डावा आधी कीबोर्डच्या मागे जातो, भाता चाचपडतो, काही सापडत नाही, मग मांडीवर येऊन बसतो आणि तिथेच राहतो. माझा वर्षभर राहिला होता. त्या वर्षी लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेली माझी बासरी आज ऐकली की गाडीचा भोंगा आठवतो. सुरू झाला की बंद होईपर्यंत एकाच जोराने.

व्हर्च्युअल वाद्यं, म्हणजे कीबोर्डवरून वाजवायची लॅपटॉपमधली वाद्यं, कशी बसवायची, कुठलं बटण कुठे, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण सांगणाऱ्यांचे हात बहुतेक पियानोचे असतात. पेटीचा हात घेऊन या कामात उतरणाऱ्याचे घोटाळे वेगळे असतात. ते सगळे मी करून बसले आहे, म्हणून हे लिहितेय.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. बँकेतली नोकरी संपली, पण आमच्या महिला भजनी मंडळातली पेटी सुटलेली नाही. २०२० मध्ये मंडळाचं भेटणं बंद पडलं तेव्हा माझ्या भाच्याने फोनवरून सांगत सांगत लॅपटॉपमध्ये हे वाजवायचं आणि रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. भाचा ऐरोलीला असतो. आता गाड्या सुरू आहेत, अडलं की लॅपटॉप पिशवीत घालून ट्रान्स-हार्बरने निघते. मधे दिघा गाव, मग ऐरोलीच.

सामान फार लागत नाही. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असली तरी सुरुवात होते. सॉफ्टवेअर मी रीपर वापरते. ते ६० दिवस पूर्णपणे वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यात वाद्यंही भरपूर आहेत. रीपरमध्ये स्वतःची वाद्यं जवळजवळ नाहीतच, ती बाहेरून आणावी लागतात. पियानोसाठी सॅलॅमँडर, तंतुवाद्यांसाठी स्पिटफायरचं लॅब्ज, सिंथसाठी, म्हणजे यंत्राने घडवलेल्या आवाजांसाठी, सर्ज एक्सटी, हे सगळं फुकट मिळतं. तबला, ढोलकी, बासरी, संतूर असं आपलं काही हवं असेल तर स्वरप्लगसारखे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं, विकत घ्यावे लागतात.

कीबोर्ड घेताना मात्र घाई नको. दुकानदार २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड पुढे करतो, स्वस्त असतो, सुटसुटीत दिसतो. आपली पेटी साडेतीन सप्तकांची, म्हणजे ४२ पट्ट्यांची असते. २५ पट्ट्यांवर तान मंद्रातून निघाली की तारसप्तकाच्या दारातच संपते, आणि मधेच सप्तक बदलायचं बटण दाबत बसावं लागतं. ४९ पट्ट्यांचा घ्या. आणि त्याच्या डाव्या टोकाला दोन चाकं आहेत ना, हे डोळ्यांनी बघून घ्या. काही कीबोर्डांवर चाकांच्या जागी छोटी दांडी असते, काहींवर स्पर्शाची पट्टी. चालतात, पण चाक ते चाक. ती दोन चाकं हाच तुमचा भाता आहे, त्यांच्याकडे सविस्तर येतेच.

माइक लागत नाही, ऑडिओ इंटरफेसही (माइक वगैरे लॅपटॉपला जोडायची डबी) सुरुवातीला लागत नाही. आवाज लॅपटॉपच्या आतच तयार होतो, बाहेरून काही आत येत नाही. गुढीपाडव्याला आमच्या घराजवळून शोभायात्रा जाते. एका पाडव्याला खाली ढोल-ताशा चालू असताना मी खिडकी उघडी ठेवून सारंगीचा तुकडा रेकॉर्ड केला. फाइलमध्ये टिपरूसुद्धा आलं नाही. ठाण्यात राहून हे सुख माइकवाल्याच्या नशिबात नाही.

हेडफोन मात्र वायरचाच. याची गोष्ट सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत मी जे जे वाजवलं ते सगळं मागे पडत होतं. मात्रेवर बोट टाकावं आणि सूर नंतर उमटावा. मी सावकाश वाजवलं, पुढून वाजवलं, शेवटी ठरवलं की हात म्हातारे झाले. भाच्याला फोन केला. त्याने एकच विचारलं, "मावशी, तू कानात ब्लूटूथचं घातलंयस का?" होतं. ब्लूटूथ आवाज बांधून पाठवतं, पलीकडे सोडवून ऐकवतं, त्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांत ६८-७० मीटर. तबलजी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसवून साथ घ्यावी, तसं ते झालं होतं. ब्लूटूथ नुसतं ऐकायला ठीक आहे, वाजवताना नाही.

वायर लावूनही थोडा उशीर उरतो, त्याला लेटन्सी म्हणतात. लॅपटॉप आवाजाचे नमुने एकेक करून नाही, गठ्ठ्याने तयार करतो. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, तबलजी आठ मीटरवर. २५६ म्हणजे सहाच्या आत, दोन मीटर. १२८ म्हणजे तीन, तबलजी हाताच्या अंतरावर. यंत्राचा स्वतःचा थोडा उशीर वर जमा होतो, तरी वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवलं की बोटाला खटकत नाही. त्याहून खाली गेलं तर लॅपटॉपला दम लागतो आणि आवाजात फुटाणे फुटतात. विंडोजवर रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर जाऊन असिओ हा आवाज लवकर पोचवणारा ड्रायव्हर निवडा. इंटरफेस नसेल तर असिओफॉरऑल नावाचा फुकट ड्रायव्हर बसवा. त्याच्याशिवाय बफर खाली ओढला तरी उशीर सहसा हटत नाही. मॅकवाल्यांना ही भानगड नाही.

पहिला ट्रॅक

कीबोर्ड यूएसबीला जोडा. प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या पानावर त्याचं नाव दिसेल, ते चालू करा. हे विसरलं तर पुढे अर्धा तास आपण आवाज का येत नाही म्हणून स्पीकरच्या वायरी हलवत बसतो. मग इन्सर्ट मेन्यूतून नव्या ट्रॅकवर व्हर्च्युअल वाद्य घ्या, यादीतून प्लगइन निवडा. रीपर ट्रॅक तयार करून रेकॉर्डिंगला सज्जही करून देतो. पट्टी दाबा, आवाज यायला हवा. कीबोर्ड अजून घेतला नसेल तर ऑल्ट-बी दाबून पडद्यावरची पट्ट्यांची पेटी येते, लॅपटॉपच्या बटणांनी ती वाजवता येते. चाचणीपुरती ठीक आहे. कंट्रोल-आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू.

आता जे रेकॉर्ड झालं ते काय आहे, हे एकदा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी सोय त्यावर आहे. तो आवाज नाही. ती वही आहे. अमुक वेळी अमुक पट्टी इतक्या जोराने दाबली, अमुक वेळी सोडली, चाक इतकं फिरलं. भातखंडे लिपीत आपण चीज उतरवतो तशीच, फक्त त्यात दाब आणि क्षण यांची बारीक नोंद असते. ही भाषा म्हणजे मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड वायरने जोडून एकाने दुसऱ्याला वाजवून दाखवलं, तिथपासून ती चालू आहे. त्या सुमारास मी कॉलेजात होते आणि मध्यमाच्या परीक्षेला बसत होते. आपल्या माघारी जगात काय काय चाललेलं असतं!

वही असल्यामुळे पेटीवर वाजवलेलं नंतर बासरीला देता येतं, लय बदलता येते, चुकलेला एक स्वर उचलून जागेवर ठेवता येतो. दिलं म्हणून ते चांगलं वाजतंच असं नाही, ते पुढे.

बोटांचं कुंपण

रेकॉर्ड झालेल्या तुकड्यावर दोनदा क्लिक केलं की मिडी एडिटर उघडतो. वर स्वरांच्या आडव्या पट्ट्या, खाली उभ्या काड्या. काडीची उंची म्हणजे व्हेलॉसिटी, पट्टी किती वेगाने खाली गेली ते, १ ते १२७ पर्यंत. मी पहिल्यांदा पियानोवर एक अभंग वाजवून ते पान उघडलं तेव्हा काड्यांचं कुंपण दिसलं. सगळ्या ५० ते ५८ च्या मधे. एकही वर नाही, एकही खाली नाही. सम कुठे आली ते काड्या बघून ओळखता येत नव्हतं.

त्यात नवल काही नाही. पेटीला पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, फरक पडत नाही. जोर भात्यातून येतो. इतकी वर्षं आपण बोटांना शिकवलं की सारखं, हलकं, आवाज न करता दाबा. पियानो, संतूर, तबला, गिटार, जे जे आघाताने वाजतं ते सगळं मात्र बोटाच्या दाबावर चालतं. त्यामुळे पेटीवाल्याचा पियानो मेलेला वाजतो आणि तो दोष प्लगइनला देतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. नुसता सा घ्या, आठ मात्रा वाजवा, पहिल्या मात्रेला काडी १०० च्या वर गेली पाहिजे आणि बाकीच्या ६०-७० वर राहिल्या पाहिजेत. एडिटरमध्ये बघा. मग पाचवीला ८५. असं रोज दहा मिनिटं. मला महिना लागला. बोटं आपटायची नाहीत, मनगट सोडून द्यायचं. माउसने काड्या वरखाली ओढूनही हे साधतं. मी तसंही केलंय, पण ओढलेल्या काड्यांमध्ये समेचा झोक येत नाही, नुसता जोर येतो.

डावा हात

आता भाता. बासरी, सारंगी, व्हायोलिन, शहनाई ही वाद्यं पट्टी दाबल्यावर सुरू होतात, पण जगतात ती श्वासावर किंवा गजावर. कीबोर्डवर ते काम मॉड व्हीलचं. दोन चाकांपैकी जे सोडलं तरी जिथल्या तिथे राहतं ते मॉड व्हील. सोडल्यावर उडी मारून मधे येतं ते पिच बेंड.

मॉड व्हील मिडीच्या वहीत कंट्रोलर १ म्हणून लिहिलं जातं. लॅब्जसारख्या वाद्यांत त्याने वाजवण्याचा जोर बदलतो, म्हणजे नुसता आवाज मोठा होत नाही, गज दाबल्यावर येणारा धारदारपणाही येतो. शेजारी कंट्रोलर ११ आहे, त्याला एक्स्प्रेशन म्हणतात. तो फक्त आवाज कमी-जास्त करतो. कंट्रोलर ७ हा ट्रॅकचा एकंदर व्हॉल्यूम, त्याला वाजवताना हात लावू नका. काही सिंथमध्ये मात्र मॉड व्हील कंपनाला जोडलेलं असतं. चाक फिरवलं आणि सूर कापायला लागला तर घाबरू नका. बऱ्याच प्लगइनमध्ये हव्या त्या खटक्यावर उजवं क्लिक करून तो चाकाला जोडून देता येतो.

माझा पाठ असा. व्हायोलिनचा आवाज घ्या. मध्य सा दाबा आणि आठ मात्रा धरून ठेवा. पहिल्या मात्रेला चाक साधारण ४० वर, पाचवीपर्यंत हळूहळू १०० वर, आठवीला परत ४० वर. एवढंच. ऐका. मग तेच सा-रे-ग-म ला, प्रत्येक स्वराला नाही तर चारही मिळून एकच चढ. पेटीवर आपण भाता प्रत्येक स्वराला मारत नाही, ओळीला मारतो. अगदी तसंच. ज्या क्षणी हे माझ्या लक्षात आलं त्या क्षणी हाताला सगळं आपोआप आठवलं. मनगटाची तीच हालचाल, फक्त आडवी होती ती उभी झाली. चाक शून्यापासून सुरू करू नका. कित्येक वाद्यं शून्यावर मुकी असतात, आणि मग सुरुवातीचा स्वर गिळला जातो.

पुष्कळ जण सांगतात की आधी स्वर वाजवून घ्या आणि चाक दुसऱ्या फेरीत, मिडी ओव्हरडबवर टाकून, वरून रेकॉर्ड करा. मला ते पटत नाही. पट्ट्या आज आणि भाता उद्या, अशी पेटी कोणी वाजवली आहे का? अवघड जागी, दोन्ही हात स्वरांना लागतात तिथे, दुसरी फेरी घ्यायला हरकत नाही. बाकी एकदमच.

बासरीला आणखी एक पथ्य. आपल्याला सा दाबून ठेवायची सवय असते. करंगळी किंवा अंगठा सा-वर, बाकीची बोटं गाण्यावर. बासरी एका वेळी एकच स्वर वाजवते, आणि तसंच बनवलेलं व्हर्च्युअल वाद्यही. त्यात सा धरून ग वाजवला आणि ग सोडला की ते मागच्या धरलेल्या स्वरावर, म्हणजे सा-वर परत येतं. माझ्या एका तुकड्यात बासरीवाला प्रत्येक स्वरानंतर घरी जाऊन येत होता. करंगळी उचला. दोन स्वर जोडायचे असतील तर आधीचा सुटायच्या आत पुढचा अगदी केसभर लवकर दाबा, त्याने स्वर सलग लागतात. आणि ओळ संपली की हात पूर्ण उचला, श्वास घ्या. खरोखर नाकाने श्वास घ्या. तेवढा वेळ बरोबर जागा सुटते.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, दुसऱ्या चाकावर. पिच बेंडची मूळ मर्यादा बहुतेक वाद्यांत वर-खाली दोन स्वरांतरं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या, असते. सा दाबून चाक टोकाला नेलं तर शुद्ध रे मिळतो. गंधारापर्यंत जायचं असेल तर प्लगइनमध्ये मर्यादा ४ करा. १२ करू नका असं मी सांगेन. सगळं सप्तक चाकाच्या तीन बोटं अंतरात कोंबलं की नेमका स्वर लागत नाही. ४ ठेवलं की चाकाचं टोक म्हणजेच ग, आणि टोकाला हात आपोआप थांबतो. मिडीत बाकीच्या गोष्टी १२८ पायऱ्यांत मोजतात. बेंडला १६,३८४ पायऱ्या दिल्या आहेत, म्हणून मींड जिना उतरल्यासारखी खडखडत नाही.

खाली येणारी मींड आणखी सोपी. ग-वरून सा-वर यायचं असेल तर आधी चाक टोकाला नेऊन धरा, मग सा-ची पट्टी दाबा. वाजेल ग. आता चाक हळूहळू सोडा. स्प्रिंग तुम्हाला अचूक सा-वर आणून सोडते. स्वर चुकायला जागाच नाही. फक्त चाक टोकाला असताना रेकॉर्डिंग थांबवू नका. वहीत शेवटची नोंद वाकडी राहते आणि पुढचा सगळा ट्रॅक बेसूर वाजतो. एका रात्री मी दोन तास ट्यूनिंग शोधत होते, शेवटी ते हे निघालं.

गंमत अशी की मींड येत नाही आणि श्रुती धरता येत नाहीत, या तक्रारींपायी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बाहेर ठेवलं होतं. मींडेचं आता असं झालं. श्रुतींची तक्रार मात्र लॅपटॉपमध्येही तशीच आहे, कारण हीही वाद्यं बारा समान भागांत लावलेली असतात. तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गंधार आणि कीबोर्डचा ग यांत जवळजवळ १४ सेंटचं अंतर आहे (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट), कीबोर्डचा चढा. भजनात चालून जातं. आलापाला खाली तानपुरा ठेवून ग-वर थांबलात तर कान खाजतो. सर्ज एक्सटीसारख्या वाद्यात स्काला नावाच्या फाइली घालून स्वरस्थानं बदलता येतात, पण त्या वाटेला मी फारशी गेलेले नाही. मी ग-वर थांबतच नाही.

ठेका

नवीन फाइल उघडली की सॉफ्टवेअर गृहीत धरतं की तुम्ही मिनिटाला १२० च्या लयीत चार-चार मात्रांचं काहीतरी वाजवणार. केरव्याला ते चालतं, आठ मात्रा चारच्या चौकटीत अर्ध्या-अर्ध्याने बसतात. दादऱ्याला सहाची चौकट करा. रूपकला सातची. तिथे एक विनोद होतो. रूपकची सम म्हणजेच खाली, टाळी न देता हात सोडायची मात्रा, आणि मेट्रोनोम नेमका पहिल्या मात्रेवर जोरात टिंग करतो. पहिल्यांदा वाजवताना मला कोणी पाठीत धपाटा घालतंय असं वाटायचं. म्हणून मी मेट्रोनोम लावतच नाही. आधी ठेक्याचं एक आवर्तन नीट वाजवून घेते, ते पुढे पसरवते आणि त्याच्यावर बाकीचं वाजवते. आलाप असेल तर तेही नाही.

तबल्याचे बोल पट्ट्यांवर वाटलेले असतात. एकीवर ना, एकीवर तिं, एकीवर गे. काही प्लगइनमध्ये धा एका पट्टीवर तयार मिळतो, काहींत ना आणि गे एकदम दाबून तो करावा लागतो. दुसरा प्रकार चांगला, कारण दोन हातांत किंचित फरक राहतो, जसा खऱ्या तबलजीच्या हातात असतो. कुठला बोल कुठे ते कागदावर लिहून कीबोर्डवर चिकटवा. धा गे ना ति, न क धि न. आधी डग्गा डाव्या हाताने, मग चाट उजव्याने, मग दोन्ही. डग्ग्याची घुमक पिच बेंडला जोडता आली तर अर्धं काम झालं. तबला तुमच्या सा-ला लावायला विसरू नका. त्याच्या आवाजाचा नमुना कुठल्या तरी एका पट्टीत रेकॉर्ड केलेला असतो, तुमच्या काळी चारशी त्याचं देणंघेणं नसतं. प्लगइनमध्ये ट्यूनिंगचा खटका असतो.

आणि आता क्वांटाइझ. एडिटरमध्ये सगळे स्वर निवडून क्यू दाबलं की सगळे मात्रेवर जाऊन उभे राहतात, शाळेतल्या कवायतीसारखे. केरव्यातला झोल, ढोलकीचा डुलता वजनदारपणा, सगळा एका क्षणात जातो. तिथे टक्केवारीचा खटका असतो, तो ४०-५० वर ठेवा, म्हणजे फार लांब गेलेले स्वर जवळ येतात आणि बाकीचे जेमतेम हलतात. त्याहूनही बरं म्हणजे चार मात्रांचा तुकडा लूपवर टाकून पाच-सहा वेळा वाजवायचा. रीपर प्रत्येक फेरी वेगळी ठेवतो, टी दाबून एकेक ऐकायची आणि चांगली ठेवायची. तिसरी फेरी सहसा चांगली निघते. पहिल्या दोनमध्ये भीती असते, चौथीपासून आळस.

पट्टी बदलताना

आमच्या मंडळातल्या मुख्य गाणाऱ्या वहिनींचा घसा स्पर्धेच्या आदल्या दिवशी बसला. सगळं काळी चारमध्ये रेकॉर्ड झालेलं. मी म्हटलं काळजी नको, मिडी आहे, दोन स्वरांतरं खाली आणते. सगळे ट्रॅक निवडले, दोन खाली केले, काळी तीन झाली. पेटी उत्तम, बासरी उत्तम. आणि तबल्याने जे काही सुरू केलं ते मी आयुष्यात ऐकलेलं नाही. जिथे ना तिथे कत्, जिथे गे तिथे काहीतरी खट्. कारण तबल्याच्या वहीत पट्टी म्हणजे स्वर नसतो, बोल असतो. वही दोन घरं सरकली आणि सगळे बोल शेजाऱ्याच्या घरात गेले.

तेव्हा स्वरांची वाद्यं तेवढीच सरकवा. तालवाद्यं जागेवर ठेवा आणि त्यांचं ट्यूनिंग प्लगइनमधून खाली आणा. मोठ्या तंतुवाद्यांच्या संचांमध्ये सगळ्यात खालच्या काही पट्ट्या वाजत नाहीत, त्या वाजवण्याची तऱ्हा बदलतात, गज की बोट वगैरे. त्यांना की-स्विच म्हणतात, त्याही सरकवू नका. सासऱ्यांनी दिलेल्या पेटीला स्केल चेंजर होता, तो ओढला की विषय संपायचा. इथे थोडं बघून ओढावं लागतं.

फाइल देताना

ट्रॅक वाढले की लॅपटॉप अडखळायला लागतो. झालेले ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे त्यांचा आवाज तयार होऊन बसतो आणि वाद्याचं ओझं उतरतं. बदल करायचा झाला तर अनफ्रीज होतं. वाजवायचं काम संपलं की बफर १०२४ करून टाका, आता उशिराची फिकीर नाही. एकंदर आवाज लाल रेषेच्या सहा डेसिबल तरी खाली ठेवा. मग रेंडर, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून आवाजाची एक फाइल, २४ बिटची वेव्ह.

हॉलमध्ये द्यायची असेल तर आणखी एक काम करा, जे मी पहिल्या वर्षी केलं नाही. मिक्स करताना मला वाटलं, मंचावर बसतात तसं ठेवू. तबला उजवीकडे, टाळ डावीकडे, पार कडेला. घरी हेडफोनवर अगदी देवळात बसल्यासारखं वाटत होतं. हॉलमधल्या साउंडवाल्याने लॅपटॉपमधून एकच वायर घेतली, उजव्या बाजूची. पूर्ण भजनभर एक टाळ वाजला नाही. समोर बसलेल्यांना काही कळलं नाही, पण आमच्या टाळवाल्या काकू, ज्यांनी मला त्या टाळांची लय तीन दिवस बसून शिकवली होती, त्या पहिल्या रांगेत होत्या. तेव्हापासून पेनड्राइव्हवर दोन फाइली असतात. एक स्टिरिओ आणि एक मोनो. साउंडवाल्याच्या हातात मी मोनो ठेवते.